जिवंत माणसाची तिरडी

मी कामठी सोडली तेव्हा वडील मला नागपूर स्टेशनवर पोहोचवायला आले ते रेफ्रीच्या काळ्या कपड्यांतच. खिशात शिटी, गुडघ्यापर्यंत मोजे आणि हातात माझी बॅग. चार वाजता त्यांची मॅच होती आणि पुण्याची गाडी नेहमीसारखी लेट. पुलावर एक गृहस्थ आडवे आले. आदल्या रविवारी वडिलांनी त्यांच्या मोहल्ल्याच्या टीमविरुद्ध पेनल्टी दिली होती, तर पूल उतरेपर्यंत त्यांनी वडिलांचा मनसोक्त उद्धार केला. उद्धार करता करताच बॅगेचा दुसरा पट्टा धरला, डब्यापर्यंत आणली, वर टाकून दिली आणि मला म्हणाले, ‘पोरी, तुह्या बापाले डोये नाई. तू मात्र सांभाळून जाय.’ मग स्टॉलवरून दोन चहा आणले. एक वडिलांना दिला, एक स्वतः घेतला, आणि दोघं समोरासमोर उभे राहून न बोलता प्यायले.

गाडी सुटायच्या आधीच वडील निघाले. ‘गाडी थांबते, मॅच थांबत नाई,’ म्हणाले. मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. आमच्या घरात सगळे समारंभ मॅचच्या वेळा बघूनच होत.

तुम्ही कामठीतच राहिलात, तुम्हाला त्या चहाबद्दल सांगायला नको. पण आपल्यातले काही माझ्यासारखे बाहेर पडले, कुणी हैदराबादला, कुणी दुबईला, आणि त्यांच्या मुलांना ही गोष्ट माहीत नसणार, म्हणून लिहून ठेवते. आपल्याकडे मैदानाच्या कडेला उभं राहून रेफ्रीला किंवा कोचला शिवी द्यायला कुणाला बंदी नव्हती. मात्र ज्याची शिवी ऐकू गेली, त्याने मॅच संपल्यावर त्या माणसासमोर जाऊन त्याला चहा पाजायचा, आणि स्वतःही तिथेच उभं राहून प्यायचा. शिवीचा चहा. तोंड चुकवून पळालात तर पुढच्या रविवारी कडेला उभं राहू देत नसत. माझ्या वडिलांनी आयुष्यभर जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढाच चहा प्यायला, आणि शेवटी ॲसिडिटीने हैराण झाले.

तुम्ही सगळे मला फोनवर विचारता, पुण्यातल्या त्या इंगवले मास्तरांच्या प्रकरणाचं पुढे काय झालं. तुम्ही व्हिडिओ पाहिलात, हसण्याच्या नाहीतर संतापाच्या खुणा पाठवल्यात. आता नीट सांगते. सांगताना माझं तोंड कडू होणार आहे, तेवढं समजून घ्या.

पुण्यात आले तेव्हा नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहिले. कॉट बेसिस म्हणजे घर त्यांचं, खोली चौघींची, आणि आपला फक्त पलंग. मालकीणबाईंच्या नियमांत उशी कशी झटकायची हेसुद्धा होतं. पहिल्या रविवारी मी विचारलं, इथे फुटबॉलची मॅच कुठे बघायला मिळेल? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘पुण्यात? बघा हं, सापडली तर आम्हालाही कळवा.’ त्यांचं फार चुकलं नव्हतं. इथे फुटबॉल होता, पण तो टीव्हीवर. माझ्या ऑफिसातली मुलं शनिवारी रात्रभर जागून इंग्लंडातले सामने बघत आणि सोमवारी तिथल्या मॅनेजरांबद्दल असं बोलत जणू ते यांच्याच सोसायटीत राहतात. मी सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि रात्री तीन मुली झोपलेल्या खोलीत चपला हातात घेऊन शिरायचं. वर्षानुवर्षं मी या शहरात राहिले आणि माझी या शहरात एकही ओळख अशी नव्हती, की जी माझ्यावर चिडेल. सगळे सभ्य. सगळे अहो-जाहो. आजारी पडले तर ‘टेक केअर’चा मेसेज.

मग एका बिल्डरने क्लब काढला. सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या पुढे, भाड्याचं मैदान घेतलं, पूर्वेला एक पत्र्याचा स्टँड बांधला. मी स्वारगेटहून बस पकडून पहिल्याच मॅचला गेले. स्टँडवर मोजकी माणसं होती: काही लोणीचे शेतकऱ्यांचे पोरगे, काही कॉलेजचे, काही माझ्यासारखे लॅपटॉपवाले. त्यातला सुहास नावाचा एक मार्केटिंगवाला सगळ्यांचे नंबर घेत फिरत होता. त्याने ग्रुप काढला, ‘ईस्ट कट्टा’ असं नाव ठेवलं, ढोल आणला, हिरवे झेंडे शिवून घेतले. मी त्या ग्रुपमध्ये होते एवढं म्हणणं पुरेसं नाही. मी त्या ग्रुपमध्ये राहत होते. नंतर हडपसरला भाड्याने फ्लॅट घेतला, तो झोपण्यापुरता.

आणि इंगवले आले. कोल्हापूरचे. तिथल्या पेठांच्या फुटबॉलमध्ये वाढलेले, बुटके, जाड मिशांचे, डोक्यावर कायम कापडी टोपी. आमची मुलं त्यांना इंग्रजी पद्धतीने ‘मॅनेजर’ म्हणायची. ते म्हणाले, ‘मॅनेजर बँकेत असतोय. मला मास्तर म्हणा.’ पहिल्याच सरावाला आम्ही दोघं-चौघं बघायला गेलो होतो. सरावाच्या मॅचमध्येच एक स्ट्रायकर रेफ्रीच्या अंगावर धावून गेला. इंगवल्यांनी खेळ थांबवला आणि त्याला एवढंच म्हणाले, ‘रेफ्री बी कुणाचा तरी बाप असतोय. जा, बाहेर बस.’ मी जाळीला धरून उभी होते. मला कुणी ओळखत नव्हतं, माझे वडील कोण हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. मला रडू आलं, आणि ते रडू बाकीच्यांना कळू नये म्हणून मी बुटाची नाडी बांधायला खाली बसले.

त्यांचा नियम तोच राहिला. रेफ्रीला उलट बोललास, पुढची मॅच बाहेर. मग तू कितीही मोठा खेळाडू अस. त्यांनी लोणीतली, उरुळीतली पोरं उभी केली, संघाला लीगच्या वरच्या विभागात नेलं, सगळं केलं. पण माझ्यासाठी त्यांचं खरं काम हेच होतं: असा एक संघ, जो चुकीचा निकाल गिळून पुढचा पास देतो. मी वडिलांना फोनवर सांगायची. ते म्हणायचे, ‘असा मास्तर आपल्याकडे पाह्यजे होता बाप्पा. माया चहा तरी कमी झाला असता.’

क्लबने त्यांना मैदानाला लागूनच दोन खोल्यांचं क्वार्टर दिलं होतं. सुनंदावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तिथे राहायच्या. मॅच लांबली, पाऊस आला, शेवटची बस चुकली की ईस्ट कट्ट्यातले पाच-सहा जण हमखास वहिनींच्या ओट्यावर. त्या कुरकुर करत भाकरी टाकायच्या. ‘क्लबनं जेवणाचं काय सांगितलं न्हवतं हां मला,’ म्हणायच्या आणि पुन्हा पिठाला हात घालायच्या. सर्वांत जास्त जेवायचा तन्मय. इंजिनिअरिंगचा, बोलका, व्हिडिओ करणारा. वहिनी त्याच्या पानात लोणी जास्त घालायच्या, कारण तो बारीक होता. मी तिथे कितीदा राहिले असेन. पुण्यात माझ्यावर पहिल्यांदा कुणी चिडलं असेल तर त्या. ‘एवढी शिकलीस, आणि रात्रीची एकटी बसनं जातीस?’ त्या चिडल्या त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

नंतरचा हंगाम वाईट गेला. दोन चांगले खेळाडू क्लबने विकले, तिसऱ्याचा गुडघा गेला, आणि हरायला लागलो. हरल्यावर माणूस कोणाला तरी शिव्या देतो, त्यात काही नाही. मी तर शिव्यांतच वाढले. पण इथे शिव्या तोंडावर नव्हत्या. स्टँडवर इंगवले येऊन उभे राहिले की हेच लोक टाळ्या वाजवायचे, ‘मास्तर, आम्ही तुमच्या सोबत आहोत,’ म्हणायचे, आणि बसमध्ये बसल्या बसल्या फोनवर घाण लिहायचे. त्यांच्या मिशांवर, त्यांच्या भाषेवर, ‘कोल्हापूरचा गुळाचा व्यापारी’ असल्या विनोदांवर रात्री शेकडो हसरे चेहरे. सभ्यपणाने पॉइंट मिळत नाहीत, रेफ्रीवर प्रेशर टाकता येत नसेल तर घरी जा, वगैरे. मी ग्रुपवर लिहिलं, की ज्याला जे म्हणायचं ते रविवारी मास्तरांसमोर म्हणा, चहा मी आणते. त्यावर सुहासने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. बाकी कुणी काही पाठवलं नाही.

त्याच महिन्यात वडील गेले.

तुम्ही होतात तिथे. तुम्हाला मी काय सांगू. पण जे नव्हते त्यांच्यासाठी सांगते, की कन्हानच्या घाटापर्यंत वडिलांना खांदा द्यायला भाऊबंदांना जागाच मिळाली नाही. आयुष्यभर ज्यांनी त्यांना आंधळा म्हटलं, विकला गेलेला म्हटलं, ते सगळे म्हातारे पुढे होते. त्यातले दोघे तर रस्त्यातसुद्धा एका जुन्या ऑफसाइडवरून भांडत होते. मला त्यांच्या भांडणाचा आधार वाटला. त्या दिवशी सकाळी इंगवल्यांचा फोन आला होता. फार बोलले नाहीत. मग वहिनींनी फोन घेतला आणि म्हणाल्या, ‘रडून घे. मग जेव.’

सुतकाचे दिवस चालू होते. घरात आई भिंतीला टेकून बसलेली, तिच्या रिकाम्या हातांकडे कुणी बघत नव्हतं, सगळे दुसरीकडे बघत होते. आणि माझ्या फोनवर ईस्ट कट्ट्याचा व्हिडिओ आला.

आधी मॅचचं सांगते. शेवटची होम मॅच, बरोबरी केली तरी विभाग टिकणार होता. शेवटच्या मिनिटांत रेफ्रीने आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली. मी नंतर दहा वेळा बघितली, पेनल्टी नव्हती. कॅप्टनने इंगवल्यांकडे बघितलं. इंगवले कडेवरून म्हणाले, ‘दिली ती दिली. खेळा.’ गोल झाला, आम्ही खालच्या विभागात गेलो. लोक जाळीवर चढले, रेफ्रीच्या दिशेने बाटल्या आल्या. इंगवल्यांनी त्या रेफ्रीला स्वतःच्या अंगाआड घेऊन मागच्या फाटकाने गाडीत बसवून दिलं.

ते मागच्या फाटकाशी होते, आणि पुढच्या फाटकातून त्यांची अंत्ययात्रा निघाली. म्हणजे तयारी आधीच होती. कुणीतरी आदल्या दिवशी बांबू आणले होते, सुतळी आणली होती, पांढरं कापड आणलं होतं. हरणार हे गृहीत धरून. गवताचा पुतळा, त्याला तशीच कापडी टोपी, तोंडाच्या जागी मास्तरांचा छापील फोटो. गुलाल उधळला जात होता. पुढे मडकं धरून सुहास, चेहरा गंभीर, कारण कॅमेरा समोर होता. आणि तिरडीच्या मागे साडी नेसलेला तन्मय. छाती बडवत, कपाळ पुसत, दगडावर हात आपटून बांगड्या फोडत. काचेच्या हिरव्या बांगड्या. क्लबचा रंग हिरवा म्हणून हिरव्या, असं त्याने खाली लिहिलं होतं.

व्हिडिओ करणाऱ्याचा कॅमेरा एकदा हलला आणि क्वार्टरच्या फाटकाशी वहिनी उभ्या दिसल्या. हात पदरात. तन्मयने त्यांना बघितलं. मी ते थांबवून थांबवून बघितलं आहे, त्याने बघितलं. क्षणभर थांबला आणि मग आणखी जोरात रडायला लागला, कारण लोक हसले.

मला किळस आली. राग नाही, दुःख नाही, ती नंतरची गोष्ट. पाल अंगावर पडल्यावर येते तशी. माझ्या समोर माझी आई बसलेली होती, आणि माझ्या हातातल्या फोनमध्ये पोरं तो खेळ खेळत होती. मी उठून मोरीत गेले आणि ओकले. आई म्हणाली, ‘काय पाह्यलं?’ मी म्हटलं, काही नाही.

क्लबने इंगवल्यांना आठवड्यात नारळ दिला. ते कोल्हापूरला गेले, कधी गेले कुणाला कळलंही नाही. क्लबने परदेशातून नवा मॅनेजर आणला. उंच, देखणा, सूट घालणारा. ईस्ट कट्टा त्याच्या प्रेमात. तो रेफ्रीशी भांडायचा आणि लोक उभे राहून टाळ्या द्यायचे. हंगाम अर्ध्यावर येईपर्यंत त्याच्यावर बंदी आली, त्याच्या चार खेळाडूंवर आली, आणि आम्ही आणखी खाली. मग हळूहळू ग्रुपवर जुने फोटो यायला लागले. ‘मिस यू मास्तर’. ‘वो भी क्या दिन थे’. इंगवल्यांचा टोपीतला चेहरा छापलेले टी-शर्ट निघाले. ते विकत कोण होतं? तन्मय.

या वर्षी सुहासने जाहीर केलं, नारायण पेठेतल्या एका लहान सभागृहात कार्यक्रम करायचा. विषय: इंगवले मास्तरांचा वारसा, सभ्य फुटबॉल. मास्तरांचा सपत्नीक सत्कार. त्यांचा नंबर फक्त माझ्याकडे होता, म्हणून मला फोन. मी म्हटलं, बोलावते, पण एका अटीवर. स्टेजवर, सगळ्यांसमोर, तू आणि तन्मय वहिनींची माफी मागणार. बाकी काही नको. सुहास म्हणाला, ‘अहो, ऑफकोर्स. ते तर करायलाच हवं. मी अँकरिंगमध्येच घेतो ना.’

मी वहिनींना फोन केला. त्यांची यायची मुळीच इच्छा नव्हती. मास्तर म्हणाले जाऊया, त्या म्हणाल्या तुम्ही जावा. मी सांगितलं, ‘वहिनी, ते माफी मागणार आहेत. मी शब्द घेतला आहे.’ मग म्हणाल्या, ‘तुझ्या शब्दावर येतो बग.’

माझ्या शब्दावर. म्हणजे आता माझं काय पणाला लागलं होतं ते तुम्हाला कळलं.

कार्यक्रम सुरेख झाला हो. पुण्यात कार्यक्रम सुरेखच होतात. फुलं, समई, ध्वनिव्यवस्था, वेळेवर सुरू. चौघा वक्त्यांनी इंगवल्यांच्या तत्त्वांवर भाषणं केली. एकाने ‘रेफ्रीचा आदर हा संस्कृतीचा कणा’ वगैरे म्हटलं, आणि हाच गृहस्थ त्या दिवशी जाळीवर चढलेला मी व्हिडिओत पाहिला आहे. मास्तरांना शाल, पुणेरी पगडी. बुटक्या माणसाला पगडी जरा मोठी झाली, ती कानांवर उतरली, आणि ते तसेच हात जोडून बसले. वहिनी पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. त्यांनी नवीन साडी नेसली होती. मी सुहासकडे बघत होते, तो घड्याळाकडे.

मग दिवे मंद झाले आणि तन्मयने बनवलेली फिल्म लागली. आठवणी. पहिला गोल, वरच्या विभागात गेलो ती रात्र, मास्तर पावसात बॉल गोळा करताना. माझेसुद्धा डोळे भरले, खोटं कशाला बोलू. आणि मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं ‘द पॅशन’, संगीत वाढलं, आणि तिरडी आली. तिरडी, गुलाल, मडकं, साडीतला तन्मय, फुटणाऱ्या बांगड्या. स्लो मोशनमध्ये. सभागृहात लोक आधी गडबडले, मग कुणीतरी शिट्टी मारली, आणि हशा पिकला. खेळीमेळीचा, प्रेमळ हशा. आपलं किती प्रेम होतं बघा, असा.

मी उठून स्टेजपाशी गेले आणि सुहासला म्हटलं, आता. आत्ताच्या आत्ता माग. तो माइक हाताने झाकून म्हणाला, ‘अहो मॅडम, इतका छान मूड झालाय. वातावरण खराब नका ना करू.’

तोपर्यंत वहिनी उभ्या राहिल्या होत्या. त्यांना माइकची गरज नव्हती. दिवे लागले तेव्हा त्या तन्मयसमोर होत्या, आणि त्याच्या छातीवर त्यांच्या नवऱ्याचा चेहरा छापलेला होता.

‘पोरा, तू माझ्या हातचं जेवत हुतास,’ त्या म्हणाल्या. ‘मी फाटकात उभी हाय, हे दिसलं हुतं का न्हाई तुला?’

तन्मय हसला. वाईट हसला नाही, गोड हसला, तेच तर. म्हणाला, ‘अहो वहिनी, तो परफॉर्मन्स होता. पर्सनल काहीच नव्हतं. तुम्ही तर आमची फॅमिली आहात!’

आणि टाळ्या पडल्या. मी माझ्या कानांनी ऐकल्या. सगळ्या सभागृहाने, शिकलेल्या, सवरलेल्या, रांगेत गाड्या लावून आलेल्या माणसांनी, टाळ्या वाजवल्या. वहिनींनी त्या टाळ्या संपेपर्यंत वाट पाहिली. मास्तरांनी पगडी काढली, नीट दोन्ही हातांनी खुर्चीवर ठेवली, शाल तिच्याशेजारी. आणि दोघं मधल्या वाटेने बाहेर गेले. सुहास म्हणाला, मास्तरांना लांब जायचं असल्याने ते निघत आहेत, एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या.

मी मागे धावले. रिक्षात बसताना वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. मास्तर म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे, प्रतिभा. दिली ती दिली.’ त्यांचं ते वाक्य मला मैदानावर किती आवडायचं. त्या दिवशी नाही आवडलं. प्रत्येक गोष्ट गिळायची नसते, आणि ही गिळायची तर वहिनींना होती, त्यांना नाही.

पुढचे काही दिवस मी ग्रुपवर भांडले. मी अति करते आहे असं ठरलं. कुणी म्हणालं, वडील गेल्यापासून प्रतिभाताई सेन्सिटिव्ह झाल्या आहेत. एकाने मला खाजगीत लिहिलं, तुम्ही विदर्भातली माणसं फार मनाला लावून घेता. एकालाही वाटलं नाही, की उठावं, गाडी धरावी आणि एका बाईसमोर जाऊन उभं राहावं. या लोकांबरोबर मी इतकी वर्षं एका ढोलावर ओरडले. यांच्या लग्नांत जेवले. आईने विचारलं, मग परत का नाही येत तू? मी सुटकेस काढलीही होती. नागपूरला माझ्या कामाची नोकरी मिळते आता, आणि घरात तिला सोबतही झाली असती. तिथे मला कुणाची किळस वाटली नसती. तिथे चांगलं, वाईट जे असेल ते वडिलांच्या वेळचं, माझ्या हातून न घडलेलं आणि न बिघडलेलं.

पण त्याआधी एक काम राहिलं होतं. रविवारी सकाळी स्वारगेटहून कोल्हापूरची गाडी धरली.

मास्तर मैदानावर गेले होते, लहान मुलांना शिकवायला. वहिनी घरात एकट्या. त्यांनी दार उघडलं, या म्हणाल्या नाहीत आणि जा म्हणाल्या नाहीत. स्वयंपाक चालू होता, त्या परत तव्यापाशी गेल्या. मी दारापाशी उभी राहिले. गाडीत पूर्ण रस्ताभर मी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही. मी म्हटलं, ‘वहिनी, आमचं चुकलं. आम्ही घाण केली. मी माफी मागायला आले आहे.’

त्यांनी मागे वळून बघितलं. ‘तू कशाला मागतीस? तू तर वडलांच्या दिवसांवर हुतीस.’

‘मी नव्हते. पण आमचीच माणसं होती.’

‘तुझी कशी? तू तिकडची, कामठीची. त्या पुणेकरांचं तुला काय लागतंय?’

परक्या माणसाने असं केलं असतं तर मी नाक मुरडलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या आणि विसरले असते. ओकले नसते. तन्मयचं ते गोड हसू मला दुसऱ्या कुणाचं वाटत नव्हतं, आमच्याच घरातल्या पोराचं वाटत होतं, जे वाया गेलं आणि ज्याच्यासाठी मोठ्यांनी जाऊन मान खाली घालायची असते. इतकी वर्षं मी पुण्यात पगार घेतला, घरभाडं भरलं, मतदान केलं, आणि मला कधी पुणेकर वाटलं नाही. त्या सभागृहात लाजेने मान वर होईना, तेव्हा वाटलं.

‘माझीच आहेत, वहिनी,’ मी म्हटलं.

तव्यावरची भाकरी करपली, तरी त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

‘मग तुलाबी माफी न्हाई,’ त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. त्यांनी करपलेली भाकरी बाजूला ठेवली, दुसरी टाकली, ताट मांडलं आणि मला बसायला पाट दिला. जेवताना आम्ही काही बोललो नाही. मला ते बरोबर वाटलं. दुपारच्या गाडीने मी घरी, पुण्याला, परत आले.